वेगाची आंच

श्रोतेहो, वैशाखांतल्या दुपारीं सायकलवरून उतारानें खालीं येतांना अंगावर येणारा वारा किती सुखाचा वाटतो, हें आपणांपैकीं बहुतेकांनीं अनुभविलें असेल. वाऱ्यानें घाम वाळतो, माठांतलें पाणी निवतें, बशींत ओतलेला चहा निवतो. तेव्हां वाऱ्यामुळें वस्तु तापते असें कोणीं सांगितलें, तर तें प्रथमदर्शनीं विपरीतच वाटावयाचें. आणि तरीहि तें खरें आहे. सायकलवरील त्या सुखाच्या वाऱ्यांतहि आपल्या नाकाशीं येऊन थबकणारी हवा किंचित् तापलेली असते. मात्र किती, तर एका अंशाच्या सुमारें शंभराव्या भागाइतकी! घाम वाळण्याच्या गारव्यापुढें तिची दादच लागत नाहीं. या एवढ्याशा उष्णतेनें पुढें विमानविद्येला कसें जेरीस आणलें, याची हकीकत आज मी आपणांपुढें सांगणार आहें.

हकीकतीचा आरंभ विमानापासून होत नाहीं. तो उल्केपासून होतो. इंग्लंडांत मँचेस्टरजवळ जेम्स जूल नांवाचे एक गृहस्थ होते. वडिलांचा धंदा बिअर गाळण्याचा. चिरंजीवांना नाद मात्र उष्णता मोजण्याचा. गतीचें रूपांतर उष्णतेंत होतें आणि त्याचा हिशेब चोख मांडतां येतो, ही गोष्ट ज्यांनीं जगाला पटवून दिली त्यांत जूल यांचें नांव अग्रभागीं आहे. १८४८ सालीं त्यांनीं रात्रीं पडणाऱ्या ताऱ्यांविषयीं एक छोटा निबंध लिहिला. हे दगड इतक्या प्रचंड वेगानें वातावरणांत शिरतात कीं, हवेच्या विरोधानेंच ते पेटून उठतात, असा त्याचा आशय. पुढें ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन, म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्व्हिन, यांच्यासह जूल यांनीं उष्णतामापक यंत्र हवेंत गरगर फिरवून पाहिलें, आणि तें खरोखरच तापतें असें त्यांना आढळून आलें. दोन प्रौढ विद्वान् गोफण फिरविल्यासारखा उष्णतामापक फिरवीत आहेत, हें दृश्य शेजाऱ्यापाजाऱ्यांना कसें वाटलें असेल कोण जाणे! परंतु आज ध्वनीच्या तिप्पट वेगानें जाणाऱ्या विमानाचा पत्रा किती तापेल याचें जें गणित मांडतात, त्याचें मूळ त्या गोफणींतच आहे.

आतां विमानाच्या नाकाशीं नेमकें काय घडतें तें पाहूं. सामान्यतः असें सांगतात कीं, हवा पत्र्याला घांसून जाते आणि त्या घर्षणानें पत्रा तापतो. थंडींत आपण तळहात एकमेकांवर चोळतों, तसाच हा प्रकार. हें सांगणें अगदींच खोटें नाहीं, पण तें अर्धेंच आहे. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाची नळी खालच्या टोकाशीं हाताला जाणवण्याइतकी गरम होते. आपण दट्ट्याच्या घर्षणाला दोष देतों. परंतु घर्षण तर नळीभर सारखेंच असतें, मग खालचें टोंकच अधिक कां तापावें? कारण तेथें हवा दाबली जाते, आणि दाबलेली हवा तापते. विमानाच्या नाकाशीं व पंखांच्या पुढच्या कडांशीं हेंच होतें. समोरच्या हवेला बाजूला सरण्यास अवकाशच मिळत नाहीं. ती चेपली जाते, विमानाच्या मानानें थांबते, आणि तिच्या गतीची सारी शक्ति उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. बाजूच्या पत्र्यावर मात्र घर्षणाचा वाटा मोठा आहे. १९०४ सालीं हायडेलबर्ग येथील गणितज्ञांच्या परिषदेंत लुडविग प्रांट्ल या जर्मन शास्त्रज्ञांनीं असें दाखवून दिलें कीं, वाहत्या हवेचा पत्र्यालगत एक अत्यंत पातळ थर असतो. पत्र्याशीं तो जणुं खिळलेला, आणि बाहेरच्या अंगाला पूर्ण वेगानें धांवणारा. या थरांत हवेच्या पापुद्र्यांची एकमेकांशीं जी ओढाताण चालते, तिच्यांतून उष्णता निघते.

याचा हिशेब तोंडीं करतां येण्यासारखा आहे, आणि तो आपण लक्षांत ठेवावा अशी माझी विनंति आहे. कारण पुढची सर्व कथा त्यावरच उभी आहे. ताशीं शंभर मैल वेगाला हवा सुमारें एक अंश सेंटिग्रेडनें तापते. दोनशें मैलांना चार अंश, तीनशें मैलांना नऊ अंश. म्हणजे वेगाचे शेंकडे मोजावयाचे आणि त्या अंकाचा वर्ग करावयाचा, कीं झालें! दुसऱ्या महायुद्धांतील लढाऊ विमानें ताशीं चारशें मैलांच्या आसपास उडत. त्यांना सोळा अंशांची आंच लागे. तिची तक्रार पहिल्यानें कोणीं केली असेल, तर ती विमानांतल्या उष्णतामापकानें. तो बाहेरच्या हवेची उष्णता खरीपेक्षां जास्त दाखवी, आणि वैमानिकाला वेगाप्रमाणें कांहीं अंश वजा करावे लागत. यापलीकडे त्या काळांत कोणाचें बिघडलें नाहीं. पस्तीस-चाळीस हजार फुटांवर हवा शून्याखालीं छप्पन्न अंश असते. तेथें ताशीं सहाशें मैल वेगानें मिळणारी छत्तीस अंशांची ऊब म्हणजे उलट उपकारच.

परंतु वर्ग ही मोठी कपटी वस्तु आहे. १९४७ सालच्या ऑक्टोबरच्या १४ तारखेस चक येगर या अमेरिकन वैमानिकानें ध्वनीचा वेग ओलांडला, आणि वर्तमानपत्रांनीं 'ध्वनीची भिंत' कोसळल्याचें जाहीर केलें. ती भिंत एकदां ओलांडली कीं पलीकडे मोकळें मैदान होतें. लगेच पुढच्या भिंतीचें नांव ठरलें : 'उष्णतेची भिंत'. माझ्या मतें हें नांव चुकलें. कित्येक अभियंतेहि तिला भिंत न म्हणतां झुडुपांचें रान म्हणूं लागले, आणि तेंच यथार्थ आहे. भिंत एका ठिकाणीं असते व तिला पलीकडची बाजू असते. या रानाला पलीकडची बाजू नाहीं. जितकें आंत जावें तितकें तें दाट होत जातें. हजार मैलांना शंभर अंश, दोन हजारांना चारशें, तीन हजारांना नऊशें. तेव्हां प्रत्येक विमान बांधणाऱ्यापुढें प्रश्न हाच, कीं या रानांत किती खोल शिरावयाचें, किती वेळ राहावयाचें, आणि तेथली आंच कोणाच्या माथीं मारावयाची? सालांचा क्रम थोडा बाजूस ठेवून मी आपणांस त्या खोलीच्या क्रमानेंच पुढें नेतों.

रानाच्या कडेनें जाणारें विमान म्हणजे इंग्लंड व फ्रान्स यांनीं मिळून केलेलें काँकॉर्ड. तें प्रथम १९६९ सालीं उडालें, आणि १९७६ च्या जानेवारीपासून २००३ पर्यंत त्यानें उतारूंची ने-आण केली. त्याचा वेग ध्वनीच्या दुपटीहून किंचित् अधिक, म्हणजे ताशीं सुमारें साडेतेराशें मैल. आपल्या तोंडी हिशेबानें साडेतेरांचा वर्ग एकशें ब्यायशीं. त्यांतून बाहेरच्या थंडीचे छप्पन्न वजा केले कीं उरतात एकशें सव्वीस. काँकॉर्डच्या नाकाला घालून दिलेली मर्यादा होती एकशें सत्तावीस अंश! हा आंकडा कोणाच्या लहरीनें ठरला नव्हता. नेहमींची विमानें अल्युमिनियमच्या मिश्रधातूंचीं असतात, आणि त्या धातू याहून अधिक उष्णतेंत वर्षानुवर्षें टिकत नाहींत. मूळ इंजिनच्या भागांसाठीं तयार केलेली एक विशेष मिश्रधातु घेऊन काँकॉर्ड कसेंबसें तेथवर पोहोंचलें. इंजिनांची ताकद नव्हे, तर पत्र्याची सोसण्याची ताकद ही त्याच्या वेगाची लक्ष्मणरेषा होती. उडतांना तें विमान तापून अर्ध्या फुटाहून अधिक लांब होई. वैमानिकांच्या खोलींत एका यंत्रफळीच्या व मागच्या भिंतीच्या मध्यें पंजा शिरेल एवढी फट पडे, आणि जमिनीवर उतरल्यावर ती पुन्हां मिटे. विमानाचा पांढरा रंगहि शोभेसाठीं नव्हता. उन्हाची उष्णता परतविणें व आपली बाहेर टाकणें हें त्याचें काम. १९९६ सालीं एका शीतपेयाच्या कंपनीनें जाहिरातीसाठीं एक काँकॉर्ड निळें रंगवून घेतलें, तेव्हां पंख पांढरेच ठेवावे लागले, आणि ध्वनीच्या दुप्पट वेगानें वीस मिनिटांपेक्षां अधिक उडूं नये असें बंधन पडलें. जाहिरातदारांना निसर्गनियमानें घातलेली इतकी स्वच्छ अट मला तरी दुसरी ठाऊक नाहीं.

अल्युमिनियम सोडलें कीं पुढें दोन वाटा फुटतात : पोलाद किंवा टिटॅनियम. रशियनांनीं आपलें मिग-२५ विमान बव्हंशीं निकेलमिश्रित पोलादाचें, सांधे जोडून केलें. भारतीय हवाई दलानेंहि तें १९८१ पासून २००६ पर्यंत टेहळणीसाठीं वापरलें. अमेरिकनांनीं टिटॅनियमची वाट धरली, आणि तिची कथा मोठी मौजेची आहे.

लॉकहीड कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील बर्बँक येथील गुप्त कार्यशाळेंत क्लॅरेन्स जॉन्सन यांच्या हाताखालीं ध्वनीच्या तिप्पट वेगानें जाणारें टेहळणी विमान तयार होत होतें. त्याचें पहिलें रूप १९६२ सालीं उडालें. जगाला जें माहीत झालें तें एस्.आर.-७१, तें १९६४ च्या डिसेंबरांत. टिटॅनियम पोलादाच्या मानानें हलकें आणि उष्णतेला चिवट; परंतु त्याचें खनिज अमेरिकेजवळ पुरेसें नव्हतें. तें दुसऱ्यांच्या नांवानें आडवाटेनें विकत घेतलें गेलें तें खुद्द सोव्हिएट रशियांतून, म्हणजे ज्याच्यावर पाळत ठेवावयाची त्याच्याचकडून! पण धातु हातीं आल्यावर तिचे रुसवेफुगवे सुरू झाले. उन्हाळ्यांत जोडलेले पत्रे लवकर तडकत आणि हिवाळ्यांत जोडलेले टिकत. हा ऋतूंचा भेद कोणालाच उमगेना. कागदपत्रें चाळतां चाळतां शेंवटीं उलगडा झाला : शेवाळ होऊं नये म्हणून बर्बँकची नगरपालिका उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्यांत क्लोरिन अधिक घालीत असे, त्याच पाण्यानें पत्रे धुतले जात, आणि टिटॅनियमचें व क्लोरिनचें मुळींच पटत नाहीं. त्या दिवसापासून पत्रे शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यानें धुण्यांत येऊं लागले. दुसऱ्या एका प्रसंगीं तापवून पाहतांना बोल्टांचीं डोकींच गळून पडूं लागलीं. दोष निघाला पान्यांवरील कॅडमियमच्या मुलाम्याचा. सगळ्या कारागिरांच्या पेट्या धुंडाळून तसे पाने फेंकून द्यावे लागले.

पंखाचा पत्रा गुळगुळीत ठेवला, तर तापल्यावर तो प्रसरण पावून भाजलेल्या पापडासारखा वेडावांकडा होई. म्हणून जॉन्सन यांनीं त्याला छपराच्या पत्र्यासारख्या, पण उथळ पन्हळी दिल्या. त्या तापल्यावर नुसत्या थोड्या खोल होत, वांकत नसत. १९३० च्या सुमाराचें पन्हळी पत्र्याचें जुनें विमान तुम्ही ध्वनीच्या तिप्पट वेगानें उडवूं पाहतां, अशी त्यांची थट्टाहि झाली. टाक्यांचे सांधे तापल्यावर नीट बसावे अशा बेतानें केलेले असल्यानें, थंड असतांना जमिनीवर त्यांतून तेल ठिबकत असे. हें तेलहि विशेष प्रकारचें, पेटती काडी टाकली तरी सहसा न पेटणारें. कारण जळण्यापूर्वीं त्याच्यावर आणखी एक कामगिरी होती. वैमानिकाच्या खोलींतली व यंत्रांतली उष्णता शोषून घेत घेत तें इंजिनाकडे जाई. काँकॉर्ड पांढरें, तर हें विमान जवळजवळ काळें. कारण येथें आंच इतकी कीं, उन्हाचा विचार गौण ठरतो, आणि काळा रंग स्वतःची उष्णता अधिक जोरानें बाहेर फेंकतो. १९७६ च्या जुलैंत या विमानानें ताशीं २,१९३ मैलांचा उच्चांक केला. त्याचे वैमानिक आपल्या जेवणाच्या नळ्या खिडकीच्या कांचेला टेकवून ऊन करून घेत असत.

याच्याहि पलीकडे शिरलें तें एक्स-१५. हें विमान प्रवासाचें नव्हे आणि लढाईचेंहि नव्हे. रानांत शिरून तेथील वार्ता आणण्यासाठींच बांधलेलें. मोठ्या बॉम्बफेकी विमानाच्या पंखाखालून तें आकाशांत सोडीत, त्याचें अग्निबाणाचें इंजिन दीड-दोन मिनिटें जळे, आणि सुमारें दहा मिनिटांत सारा खेळ आटोपून तें कोरड्या सरोवराच्या पात्रांत उतरे. १९५९ पासून १९६८ पर्यंत त्याच्या १९९ फेऱ्या झाल्या. त्याचा पत्रा निकेलच्या एका चिवट मिश्रधातूचा. युक्ति अशी कीं, जाड तव्याला तापावयास जसा वेळ लागतो, तसा हा पत्रा उष्णता गिळीत राहावा आणि तो फार तापण्यापूर्वींच उड्डाण संपावें. युक्ति खरी ठरली. पण उष्णता सरळ वाटेनें न येतां फटीफटींतून येते, हें तिनें शिकविलें. पंखाच्या पुढच्या कडेला प्रसरणासाठीं मुद्दाम ठेवलेल्या बारीक खांचांच्या मागेंच पत्रा सुरकुतला, कारण त्या खांचांनीं हवेचा शांत थर ढवळला होता. १९६१ च्या नोव्हेंबरांत रॉबर्ट व्हाइट ध्वनीच्या सहापट वेग गांठून परतत असतांना उजव्या खिडकीच्या बाहेरच्या कांचेला तडे गेले. डाव्या कांचेंतून पाहून ते सुखरूप उतरले.

१९६७ च्या ऑक्टोबरच्या ३ तारखेस विल्यम नाइट यांनीं या जातीचें एक विमान ताशीं ४,५२० मैल वेगानें नेलें. ध्वनीच्या जवळजवळ पावणेसातपट! इतक्या वेगाला नुसता धातु पुरला नसता, म्हणून साऱ्या अंगावर एक लेप चढविला होता. हा लेप स्वतः जळून झडावा आणि जातांना आंच घेऊन जावा, अशी योजना. झडलेला लेप कांचेवर बसून वैमानिक आंधळा होईल या भीतीनें एका खिडकीला पापणी बसविली होती. ती वेगांत मिटलेली असे आणि उतरतांना उघडे. सर्व गोष्टींचा असा विचार झालेला होता. फक्त विमानाच्या पोटाखालच्या उभ्या पंखाला एका भावी इंजिनाची नुसती प्रतिकृति लटकविलेली होती, आणि तिच्या टोंकापासून निघालेली आघातलहर मागच्या त्या पंखावरच जाऊन आपटली. जेथें दोन लहरी एकमेकींना भिडल्या, तेथें आंच अनेक पटींनीं वाढली. लेप गेला, धातु वितळली, भोंकें पडलीं, तापलेली हवा आंत शिरली; आणि उतरण्यापूर्वींच ती प्रतिकृति सुटून वाळवंटांत पडली. नाइट जिवंत परत आले. विमान पुन्हां कधींच उडालें नाहीं. आज तें ओहायो संस्थानांत डेटन येथील संग्रहालयांत आहे.

आतां उरलें तें अवकाशांतून परतणें, जेथें वेग ताशीं सतरा हजार मैलांच्या घरांत असतो. येथें आपला तोंडी हिशेब सोडून द्यावा लागतो, कारण इतक्या आंचेंत हवेचे रेणूच फुटतात व बरीच शक्ति त्यांतच खर्च होते. तरीहि उरते ती कोणतीहि धातु वितळविण्यास पुरेशी. येथें वाट सांपडली ती १९५१ सालीं, कॅलिफोर्नियांतील एम्स प्रयोगशाळेंतील ज्यूलियन ॲलन यांना. तोंवर सर्वांचा समज असा कीं, जितकें टोंक अणकुचीदार तितकें बरें. ॲलन यांनीं आल्फ्रेड एगर्स यांच्या साहाय्यानें दाखविलें कीं, येथें टोंक बोथट हवें. अणकुचीदार वस्तूला उष्णता अंगाशीं चिकटून येते. बोथट वस्तु मात्र रुंद तोंडाच्या पडावासारखी आपल्यापुढें एक जबर लाट उभी करते. बहुतेक आंच त्या लाटेंतल्या हवेलाच लागते, आणि ती हवा बाजूनें निघून जाते. ही गोष्ट आरंभीं कांहीं वर्षें गुप्त ठेवली होती. पुढें माणसें घेऊन परतलेलें प्रत्येक यान याच विचारावर घडलें.

अमेरिकेचें कोलंबिया हें यानहि तसेंच, नाकाला बोथट व पंखांच्या कडांना गोल. १९८१ सालीं तें प्रथम उडालें. त्याचा सांगाडा, श्रोतेहो, पुन्हां त्याच अल्युमिनियमचा होता. पंखांच्या पुढच्या कडांना कार्बनच्या तंतूंचें करडें कवच होतें, सुमारें सोळाशें अंश सोसणारें. आणि त्या कवचामागें कांहीं इंचांवर तो सांगाडा. २००३ च्या जानेवारीच्या १६ तारखेस यान वर जात असतां, थंड इंधनाच्या टाकीला उबेपासून राखणाऱ्या फेसाचा दोन पौंडांहूनहि हलका तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. कांहीं अभियंत्यांनीं उपग्रहांकडून पंखाचीं छायाचित्रें घ्यावीं म्हणून मागणी केली. ती वरिष्ठांकडे पडून विरली. फेसाच्या तुकड्यानें काय होणार, असें वाटणें स्वाभाविक होतें हें मी मान्य करतों, पण पाहून घेण्यास हरकत काय होती हें मला आजहि कळत नाहीं. पुढें जुलैंत असाच तुकडा ताशीं सुमारें पांचशें मैल वेगानें तशाच कवचावर मारून पाहिला, तेव्हां त्याला जवळजवळ सोळा इंचांचें भगदाड पडलें.

१ फेब्रुवारीला, उतरण्यास सुमारें सोळा मिनिटें उरलीं असतां, टेक्सस संस्थानावर कोलंबिया फुटलें. त्यांत सात जण होते. कर्नालच्या कल्पना चावला त्यांपैकीं एक. मार्चच्या १९ तारखेस हेम्फिल गांवाजवळ चिखलांत एक पेटी सांपडली. कोलंबिया हें त्या मालिकेंतलें पहिलें यान असल्यानें प्रयोगासाठीं त्याच्या अंगांत शेंकडों मापकें बसविलेलीं होतीं, आणि त्यांच्या नोंदी या पेटींतील फितीवर उतरत. इतर यानांत तशी सोय नव्हती. फीत शाबूत होती. डाव्या पंखाच्या कडेमागच्या तुळईवरील एका मापकानें वातावरणांत शिरल्यापासून साडेचार मिनिटांतच कांहींतरी बिघडल्याचें नोंदविलें होतें. त्यानंतर पंखांतील मापकें एकामागून एक चढत गेलीं, आणि तारा जळत गेल्या तशीं एकामागून एक मुकीं झालीं. कोणतें मापक कोणत्या सेकंदाला मुकें झालें, याच्याच क्रमावरून तपासणाऱ्यांनीं भगदाडाची जागा ठरविली : डाव्या पंखाचा आठवा तुकडा.